शेपटीचाकाची जुनी लढाऊ विमानं: हँगरच्या दारापासून इंजिन थांबेपर्यंत

दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान स्पिटफायर हवेत किती गुणी आहे, हे ते चालवलेल्या वैमानिकांनी इतक्या वेळा सांगितलंय की आता त्यात नवीन काही उरलेलं नाही. जमिनीवरच्या स्पिटफायरबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या सालेर्नो किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांचं सैन्य उतरलं, तेव्हा त्याला हवाई संरक्षण देण्यासाठी ब्रिटिश नौदलाने छोट्या विमानवाहू जहाजांवरून सीफायर उडवली. सीफायर म्हणजे स्पिटफायरचाच नौदली अवतार. वारा पडलेला, डेक आखूड. शत्रूने जेवढी पाडली त्याच्या कितीतरी पट सीफायर डेकवर उतरताना मोडली. शत्रूपेक्षा स्वतःच्याच अरुंद चाकांनी आणि लांब नाकाने घात केला.

ही विमानं आजही उडतात. इंग्लंडमध्ये डक्सफर्ड, बिगिन हिल, गुडवुड आणि ओल्ड वॉर्डनला, अमेरिकेत ऑशकॉशला आणि आणखी कितीतरी ठिकाणी. परदेशातल्या फ्लाइंग क्लबात विमान चालवणारे मराठी लोक आता पुष्कळ आहेत, एअर शोच्या ग्राउंड क्रूमध्ये स्वयंसेवक म्हणून राबणारेही आहेत. पुढचं सगळं मुख्यतः त्यांच्यासाठी. रेडिओ कंट्रोलवर याच विमानांची मोठी मॉडेल उडवणाऱ्यांनाही बराचसा भाग लागू पडेल, कारण भौतिकशास्त्र आकार बघत नाही. विशिष्ट विमानाच्या बाबतीत त्याची पुस्तिका आणि तुमचा प्रशिक्षक यांचाच शब्द अखेरचा, हे गृहीत धरून वाचा.

आधी हे समजून घ्या: विमान वळायलाच टपलेलं असतं

आजच्या प्रवासी विमानाचं तिसरं चाक नाकाखाली असतं. विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, त्यामुळे ते जरा वाकडं गेलं तरी आपोआप सरळ होतं. शेपटीचाकाच्या विमानात हाच गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. लहान मुलांची तिचाकी सायकल जोरात उलटी ढकलून पाहा. थोडी सरळ जाते आणि मग गर्रकन फिरते. इथेही तेच होतं. नाक दोन अंश डावीकडे गेलं की मागचं वजन सरळ रेषेत पुढे जायला बघतं, ते चाकांना वळसा घालतं आणि दोनाचे पाच, पाचाचे पंधरा अंश होतात. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. एका मर्यादेपलीकडे रडर (शेपटीवरचं, पायाने चालणारं सुकाणू) आणि ब्रेक दोन्ही मिळूनही ते थांबवू शकत नाहीत. म्हणून सगळं कौशल्य पहिल्या दोन अंशांत असतं.

त्यात चाकांमधलं अंतर आलं. स्पिटफायरच्या दोन मुख्य चाकांमध्ये जेमतेम पावणेदोन मीटर अंतर आहे, कारण तिचे पाय पंखाच्या मुळाशी बसवलेले असून बाहेरच्या बाजूला मिटतात. जर्मन मेसरश्मिट १०९ चे पाय तर थेट धडालाच जोडलेले. पंख काढले तरी विमान स्वतःच्या चाकांवर उभं राहावं, म्हणजे दुरुस्ती आणि रेल्वेने वाहतूक सोपी, असा तो हिशेब. कारखान्यात तो बरोबर होता. धावपट्टीवर त्याची किंमत शिकाऊ वैमानिकांनी मोजली. याउलट अमेरिकन पी-५१ मस्टँगची चाकं पंखात दूरवर बसवलेली, आत मिटणारी, मधलं अंतर साडेतीन मीटरच्या वर. ब्रिटिश हरिकेनची चाकंही आत मिटतात आणि स्पिटफायरपेक्षा रुंद उभी राहतात. ब्रिटिश हवाई दलाच्या बॅटल ऑफ ब्रिटन मेमोरियल फ्लाइटमध्ये नवा वैमानिक आधी चिपमंक, मग हार्वर्ड ही शिकाऊ विमानं, मग हरिकेन आणि त्यानंतरच स्पिटफायर अशा क्रमाने चढतो, ते उगाच नाही. दुसऱ्या महायुद्धात आपल्या हवाई दलातली मुलंही टायगर मॉथ, हार्वर्ड, हरिकेन, स्पिटफायर याच शिडीने वर गेली.

पायरी पहिली: हँगरमधून बाहेर

बरेचसे नुकसान इथेच, शून्य वेगाने होतं. इंजिन बंद, वैमानिक चहा पितोय आणि चार जण विमान ढकलतायत. अशा वेळी एकच माणूस हुकूम देणारा हवा. दोन्ही पंखांच्या टोकांशी एकेक जण फक्त बघायला उभा असावा. त्याने ढकलू नये, कारण ढकलणारा माणूस खाली बघतो. शेपटीचाकाला स्टिअरिंगचा दांडा लावून एक जण दिशा देतो. ढकलायचं ते पंखाच्या पुढच्या कडेवर, मुळाजवळ, जिथे आत मजबूत कणा आहे. रडर, एलेव्हेटर, एलेरॉन आणि फ्लॅप या शेपटी-पंखांवरच्या हलत्या पट्ट्यांना हात लावायचा नाही. अनेक विमानांत ते कापडाने मढवलेले असतात आणि अंगठा सहज आरपार जातो.

प्रॉपेलर धरून विमान ओढण्याची सवय फार जुनी आणि फार वाईट आहे. प्रॉपेलर नेहमी जिवंत समजायचा. मॅग्नेटोची (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राची) अर्थिंगची तार तुटलेली असेल तर स्विच बंद असूनही इंजिन एक ठिणगी टाकू शकतं, आणि तेवढी पुरते.

ब्रेकवर कोणीतरी बसलेला असला पाहिजे, पण आधी ब्रेक आहेत का हे बघा. स्पिटफायरचे ब्रेक दाबाच्या हवेवर चालतात. रात्रभर उभ्या विमानातली हवा गळून गेलेली असते. कॉकपिटमधला माणूस लिव्हर दाबेल आणि काहीच होणार नाही. उतारावर हे कळलं तर उशीर झालेला असतो, म्हणून चॉक (चाकाला लावायची अडण) हातात घेऊन एक जण चाकाबरोबर चालत राहतो.

पायरी दुसरी: इंजिन सुरू करताना

इथे दोन जातींचा फरक आधी लक्षात घ्यायचा. रेडियल इंजिन, म्हणजे कोर्सेअर, सी फ्यूरी, हार्वर्ड या विमानांचं गोल इंजिन, काही दिवस उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तेल दाबलं जात नाही. स्टार्टरने जोर लावला की पिस्टनचा दांडा वाकतो, आणि आज नाही तर दहा तासांनी हवेत तुटतो. म्हणून मॅग्नेटो बंद ठेवून, प्रॉपेलर हाताने फिरण्याच्या दिशेनेच हळूहळू पुरेशी पाती फिरवायची. मध्येच अडलं तर जोर लावायचा नाही आणि उलटंही फिरवायचं नाही. उलट फिरवलं तर तेल इनटेक पाइपात जातं आणि इंजिन सुरू होताच परत आत येतं. खालचे स्पार्क प्लग काढा, तेल गळू द्या.

स्पिटफायर आणि मस्टँगच्या मर्लिन इंजिनाला हा त्रास नाही. त्याचा धोका वेगळा. प्रायमर पंपाने पेट्रोल जास्त गेलं तर एक्झॉस्टच्या नळ्यांमधून जाळ निघतो. अग्निशामक घेऊन उभा राहणारा माणूस प्रॉपेलरच्या फेऱ्याबाहेर, वैमानिकाला दिसेल अशा जागी हवा. थोडा जाळ दिसला की स्टार्टर चालूच ठेवतात, इंजिन तो आत ओढून घेतं. घाबरून सगळं बंद केलं तर आग बाहेरच राहते.

प्रॉपेलरसमोर मोबाइल घेऊन वाकणाऱ्या प्रेक्षकांना हाकलणं हे ग्राउंड क्रूचं काम आहे, आणि त्यात भीड ठेवू नये.

पूर्ण ताकदीने इंजिन तपासायचं असेल तर शेपूट उचलली जाते, म्हणून शेपटीवर माणसं बसवायची पद्धत होती. फेब्रुवारी १९४५ मध्ये इंग्लंडमधल्या हिबाल्डस्टो तळावर मार्गारेट हॉर्टन नावाची महिला कर्मचारी अशीच शेपटीवर बसली होती. टॅक्सी, म्हणजे जमिनीवरून विमान चालवत नेणं, संपल्यावर तिने उतरायचं होतं, पण वैमानिकाला कल्पना नव्हती. तो तिला घेऊन उडाला. शेपूट जड लागते म्हणून एक चक्कर मारून तो उतरला आणि ती वाचली. ते विमान, एबी९१०, आजही मेमोरियल फ्लाइटमध्ये आहे. किस्सा हसून सांगितला जातो, पण त्यातला नियम कडक आहे: शेपटीवरचा माणूस उतरला असं वैमानिकाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय, किंवा ठरलेल्या माणसाची खूण मिळाल्याशिवाय चाक हलता कामा नये.

पायरी तिसरी: टॅक्सी, म्हणजे घड्याळाशी शर्यत

टॅक्सी करताना वैमानिकाला तीन गोष्टी एकाच वेळी छळतात.

पहिली, समोर काही दिसत नाही. जमिनीवर शेपूट खाली, नाक वर, आणि पुढे इंजिनाची भिंत. उपाय म्हणजे नागमोडी चालणं: नाक थोडं डावीकडे घेऊन उजवीकडून बघायचं, मग उलट. म्हणून मार्शलरने (हाताच्या खुणांनी वाट दाखवणाऱ्याने) विमानाच्या नाकासमोर कधीच उभं राहू नये. पंखाच्या टोकाच्या थोडं पुढे, बाजूला, वैमानिकाच्या डोळ्यांत डोळा मिळेल असं उभं राहायचं. तो डोळा सुटला तर वैमानिकाने तिथेच थांबायचं, अंदाजाने पुढे जायचं नाही.

दुसरी, ब्रेक. स्पिटफायरमध्ये स्टिकच्या (वैमानिकाच्या हातातल्या दांड्याच्या) गोल मुठीवर एकच लिव्हर असतो. पायाने ज्या बाजूचा रडर द्याल त्या बाजूच्या चाकाला हवेचा दाब जास्त मिळतो. शेपटीचाक मोकळं फिरणारं, त्यामुळे वळायचं ते ब्रेकनेच. कॉम्प्रेसर इंजिनावर चालतो आणि मंद गतीला तो फारशी हवा भरत नाही. सतत ब्रेक मारत गेलात तर धावपट्टीच्या तोंडाशी पोचेपर्यंत टाकी अर्धी झालेली असते. दाबाच्या घड्याळाकडे अधूनमधून नजर हवी. आणि ब्रेक एकदम कधीच दाबायचा नाही, कारण विमान नाकावर उभं राहतं. स्टिक पोटाशी धरून ठेवायची, म्हणजे प्रॉपेलरचा वारा शेपूट खाली दाबून धरतो. मागून जोराचा वारा असेल आणि थ्रॉटल बंद असेल तर स्टिक पुढे घ्यावी लागते; पण त्याच स्थितीत थ्रॉटल वाढवाल तेव्हा ती परत मागे यायला हवी. हे हाताला आपोआप जमेपर्यंत लढाऊ विमानात बसू नये.

मस्टँगची तऱ्हा वेगळी. तिथे स्टिक मागे असली की शेपटीचाक रडरला जोडलेलं राहतं आणि दोन्ही बाजूंना ६-६ अंश वळतं. अरुंद वळण घ्यायचं तर स्टिक मध्याच्या पुढे ढकलून ते मोकळं करायचं, वळण झालं की परत मागे. स्पिटफायरवरून मस्टँगवर आलेला माणूस हे विसरला तर विमान वळतच नाही, आणि मग तो वैतागून ब्रेक दाबतो.

तिसरी गोष्ट उष्णता. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्ये पाण्याचा एकच रेडिएटर उजव्या पंखाखाली, आणि खाली आलेला चाकाचा पाय त्याच्या वाटेत आडवा येतो. उभं असताना हवा मिळत नाही ती नाहीच. मार्क ९ या नंतरच्या मॉडेलमध्ये दोन्ही पंखांखाली रेडिएटर आले तरी जमिनीवरचा काटा चढतोच. भारतीय हवाई दलाची ८ नंबरची स्क्वाड्रन १९४४ मध्ये स्पिटफायरवर आली. आपल्या हवेत या विमानांना रांगेत उभं करून ठेवणं कसं असेल, याचा विचार करून पाहा. आजच्या एअर शोमध्येही हीच चूक वरचेवर होते: आयोजक वेळापत्रक सांभाळायला सगळ्यांना एकदम इंजिन सुरू करायला सांगतात. द्रवशीतित, म्हणजे मर्लिनसारख्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाच्या विमानाने सगळ्यात शेवटी सुरू करावं, टॅक्सीची वाट आधीच मोकळी करून घ्यावी, रनअप (उड्डाणाआधीची इंजिनाची तपासणी) वाऱ्याकडे तोंड करून उरकावा. काटा पुस्तिकेतल्या मर्यादेकडे निघाला आणि पुढे दोन विमानं अडली असतील तर सरळ इंजिन बंद करा. तापलेलं इंजिन घेऊन वर गेलो की हवेत थंड होईल, हे खरंही असेल, पण त्याआधी पूर्ण ताकदीची धाव असते. शो चुकला तर चुकला.

पायरी चौथी: उड्डाणाची धाव

इथे थोडक्यात, पण एक गोष्ट सोडता येत नाही: प्रॉपेलर कुठल्या दिशेने फिरतो. मर्लिनवाली स्पिटफायर आणि मस्टँग यांचा प्रॉपेलर कॉकपिटमधून घड्याळाच्या दिशेने फिरतो आणि विमान डावीकडे खेचतं. ग्रिफन इंजिनाची स्पिटफायर, उदाहरणार्थ मार्क १४, उलट फिरणाऱ्या प्रॉपेलरमुळे उजवीकडे. सी फ्यूरीही उजवीकडे. मर्लिनला रडर ट्रिम (रडर एका बाजूला कललेला ठेवणारी जुळणी) पूर्ण उजवी, ग्रिफनला पूर्ण डावी. दोन्ही प्रकार उडवणाऱ्याने ट्रिमच्या चाकाला हात लावून इंजिनाचं नाव मोठ्याने म्हणावं, असं माझं मत आहे. चेकलिस्ट डोळ्यांनी वाचली जाते आणि हात जुन्याच सवयीने जातो.

शेपूट उचलली की आणखी एक झटका मिळतो. फिरता प्रॉपेलर म्हणजे जड भोवराच. मर्लिनवर शेपूट वर येताना नाक डावीकडे जातं. शेपूट झटकन उचलली तर झटका मोठा, आणि नाक फार खाली गेलं तर पात्यांची टोकं जमिनीला लागतात. म्हणून ती सावकाश उचलायची, पूर्ण आडवी करायची नाही. थ्रॉटलही सावकाश. याच कारणाने मर्लिनवर उजवीकडून येणारा आडवा वारा डावीकडच्यापेक्षा बरा. डावीकडचा वारा नाक डावीकडेच वळवतो, म्हणजे खेच आणि वारा एकाच बाजूला.

स्पिटफायरचं हूड, म्हणजे कॉकपिटवरचं सरकतं झाकण, उड्डाण आणि उतरताना उघडं ठेवतात आणि बाजूचं छोटं दार अर्ध्या खाचेवर अडकवतात. विमान थडकलं तर हूड सरकून बंद होऊ नये, म्हणून ही खाच. दारावर लोखंडी पहारही असते. जून २०१७ मध्ये फ्रान्समधल्या लाँगुयाँला एक स्पिटफायर उड्डाणाच्या धावेतच नाकावर जाऊन पालथी झाली. अशी वेळ आली की ही अर्धी खाच जीव वाचवते.

पायरी पाचवी: उतरायचं की नाही, हे आधी ठरवा

उतरण्याचा निर्णय धावपट्टी दिसल्यावर घ्यायचा नसतो. वाऱ्याचा हिशेब आधी करा. २० नॉट वारा धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करत असेल तर आडवा भाग १० नॉट. ४५ अंशांना १४. ६० अंशांना १७. झोतांचा आकडा वेगळा धरायचा, सरासरीवर विश्वास ठेवायचा नाही. तुमची स्वतःची मर्यादा विमानाच्या मर्यादेपेक्षा कमी असेल, आणि ती कागदावर लिहिलेली असावी. जवळ दुसरं मैदान वाऱ्याच्या दिशेने असेल तर तिथे जा.

गवत मिळत असेल तर गवत घ्या. डांबरावर टायर धरून ठेवतो, त्यामुळे विमान वाकडं टेकलं की बाहेरच्या पायावर सगळा भार येतो आणि तो मोडतो. गवतावर चाक थोडं घसरतं आणि चूक पोटात घालतं. शेवटी ही विमानं गवताच्या मैदानांसाठीच घडवली होती. डक्सफर्डला पक्क्या धावपट्टीला समांतर गवताची पट्टी आहे आणि जुनी विमानं ती आवडीने वापरतात. फक्त पाऊस पडून गेलेला असेल तर आधी कोणीतरी चालत जाऊन पाहावी. मऊ चिखलात चाक रुतलं की विमान पालथं होतं.

उंची आणि तापमानाचाही हिशेब करा. समजा पुण्यासारखं ५९२ मीटर उंचीचं मैदान आणि मे महिन्यातले ३८ अंश. हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण १,५०० मीटरच्या वर आहोत असं वाटतं. काट्यावर वेग नेहमीचाच, पण जमिनीवरचा खरा वेग सुमारे ८ टक्क्यांनी जास्त, आणि ब्रेकना पचवायची ऊर्जा १६-१७ टक्क्यांनी जास्त. वैमानिकाला हे जाणवतं ते धावपट्टी संपत आल्यावर.

पायरी सहावी: खाली येणं

स्पिटफायरची चाकं वेग ताशी १६० मैलांच्या खाली आल्यावर सोडायची. सुरुवातीच्या मॉडेलांमध्ये लिव्हर थेट ‘चाकं खाली’च्या जागी न्यायचा नसतो. चाकांचं वजन कुलपाच्या खिट्ट्यांवर असतं, ते आधी उचलून घ्यावं लागतं आणि त्यासाठी लिव्हर दोन सेकंद पूर्ण पुढे धरायचा, मग मागे ओढायचा. घाई केली तर लिव्हर अडकतो. फ्लॅपला दोनच स्थिती, पूर्ण वर किंवा पूर्ण खाली. मधली स्थितीच नाही. युद्धात माल्टा बेटावर विमानवाहू जहाजावरून स्पिटफायर पाठवताना अर्धे फ्लॅप हवे होते, तर फ्लॅपमध्ये लाकडाच्या पाचरी ठोकल्या होत्या. वर गेल्यावर फ्लॅप पूर्ण उघडायचे की पाचरी समुद्रात.

येण्याचा मार्ग सरळ ठेवला तर नाकाआड धावपट्टी दिसत नाही, म्हणून वळण घेतच खाली यायचं आणि अगदी शेवटी पंख समतल करायचे. कोर्सेअरचं लांब नाक बघून ब्रिटिश नौदलाने अशीच वक्र वाट धरली. त्या विमानाला आणखी एक खोड होती: मंद वेगात डावा पंख आधी पडायचा. उजव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटी पट्टी लावून तोही वेळेवर पाडला, म्हणजे दोन्ही बरोबरीने पडतील. उसळणाऱ्या अंडरकॅरेजचेही (चाकं-पायांचे) शॉक शोषक सुधारले, शेपटीचाक उंच केलं. एवढं केल्यावर ते डेकवर नांदायला लागलं.

शेवटच्या टप्प्यात स्पिटफायर ८५ ते ९५ मैलांवर येते, मस्टँग ११५ ते १२०. पाच मैल "सुरक्षेसाठी" जास्त ठेवायचा मोह आवरा. जास्तीचा वेग म्हणजे जमिनीलगत तरंगत राहणं, आणि तरंगताना वारा तुम्हाला बाजूला नेत राहतो.

तीन चाकं एकदम टेकवायची की आधी पुढची दोन, यावर वैमानिक तासन् तास भांडतील. आडव्या वाऱ्यात पुढची दोन आधी टेकवली तर रडरला वेग जास्त मिळतो. पण पुढे शेपूट खाली आणताना एक असा टप्पा येतो जिथे रडर थकलेला आणि शेपटीचाक अजून जमिनीवर नाही. मर्लिनवर शेपूट खाली जाताना भोवऱ्याचा झटका यावेळी उजवीकडे लागतो. तीन चाकांवर उतरलात तर हा टप्पा नाही, पण समोरचं दिसत नाही. अरुंद स्पिटफायर आणि मेसरश्मिट १०९ साठी मी तीन चाकांच्या बाजूने आहे. मस्टँगवर दोन्ही चालतं. टेकताना नाक आणि प्रवासाची दिशा एकच हवी, बाकी सगळं दुय्यम.

पायरी सातवी: टेकल्यानंतरचे पंधरा सेकंद

बहुतेक ग्राउंड लूप इथे होतात, आणि "उतरलो बुवा" म्हणून सैल सोडलेल्या पायांमुळे होतात. वेग ४० मैलांच्या खाली येतो तेव्हा रडरवर वारा उरत नाही, इंजिन मंद असल्याने प्रॉपेलरचाही नाही, आणि ब्रेक अजून जपून वापरायचे आहेत. या पट्ट्यात पाय सतत हलते ठेवायचे. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या कडांकडे बघत राहायचं, एकाच बाजूला नाही; दोन्ही कडा सारख्या दिसल्या की विमान सरळ आहे.

फ्लॅप, कूलिंग, रेडिओ, यांतल्या कशालाही धावताना हात लावायचा नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन हवाई दलात धावपट्टीवर धावताना फ्लॅपऐवजी चाकंच मिटवली जात होती, तेव्हा आल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने दोन्ही लिव्हर हाताला सारखेच लागतात हे दाखवून दिलं. चाकांच्या लिव्हरला छोटं रबरी चाक, फ्लॅपच्या लिव्हरला पाचर बसवली आणि प्रकार थांबला. जुन्या लढाऊ विमानांत असे आकार मिळतीलच असं नाही. आधी धावपट्टी सोडा, थांबा, मग लिव्हर हाताखाली कोणता आहे हे बघून फ्लॅप वर घ्या. फ्लॅप खाली ठेवून टॅक्सी करू नका; दगड उडून ते फुटतात.

चुकलंच तर

टेकून विमान उसळलं आणि उसळी लहान असेल तर नाक आहे तसंच धरून थोडी ताकद द्या आणि पुन्हा टेकू द्या. उसळी मोठी असेल तर परत वर जायचं, पण थ्रॉटल एकदम ढकलायचा नाही. मंद वेगात मस्टँगला पूर्ण ताकद एका झटक्यात दिली तर प्रॉपेलर जागेवर आणि विमान त्याच्याभोवती फिरतं, डावीकडे कलंडतं. एलेरॉनला तेव्हा ते सावरण्याएवढा वारा नसतो. नाक थोडं खाली, ताकद हळूहळू, उजवा रडर पुरेसा, चाकं लगेच नाही.

ग्राउंड लूप सुरू झालाच असेल तर उलटा रडर आणि उलटा ब्रेक, स्टिक मागे. ते फसतंय असं दिसलं तर थ्रॉटल बंद आणि इंजिन, पेट्रोल, मॅग्नेटो बंद करायला हात तयार. पंखाचं टोक घासणं आणि पाय मोडणं हे पैशाने भरून निघतं.

इंजिन गेलं आणि खाली शेत असेल तर चाकं वरच ठेवून पोटावर उतरायचं. खाली आलेलं चाक खड्ड्यात अडकून विमान पालथं करतं. धावपट्टीवर मात्र वेगळा हिशेब. जुलै २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या कल्ड्रोसच्या एअर शोमध्ये सी फ्यूरीचं इंजिन धूर सोडत बिघडलं, तेव्हा लेफ्टनंट कमांडर ख्रिस गॉटके यांनी ती कशीबशी धावपट्टीवर आणली. टेकताच चाकं मिटली, विमान घसरत गेलं, ते धडधाकट बाहेर आले. त्यासाठी त्यांना एअर फोर्स क्रॉस मिळाला.

अग्निशमन दलाला त्या दिवशी उडणाऱ्या प्रत्येक विमानाचं हूड बाहेरून कसं उघडतं आणि पेट्रोलचा कॉक कुठे आहे हे सकाळीच दाखवा. पालथ्या स्पिटफायरखाली वैमानिक असेल तर शेपूट किती माणसांनी उचलायची हे तेव्हा शोधत बसता येत नाही.

एकापेक्षा जास्त विमानं असतील तर

२७ जुलै २००७ ला ऑशकॉशला दोन मस्टँग उतरताना एकमेकांवर आदळली आणि एक वैमानिक गेला. १७ सप्टेंबर २०२३ ला अमेरिकेतल्या रीनोमध्ये शर्यत संपवून उतरायला निघालेली दोन टी-६, म्हणजे आपली हार्वर्ड, आदळली आणि दोघेही वैमानिक गेले. दोन्ही वेळा खेळाचा अवघड भाग संपलेला होता. लांब नाकाच्या विमानातून पुढचं विमान दिसत नाही, त्यामुळे उतरण्याचा क्रम, मधलं अंतर आणि पुढच्याने धावपट्टीची कोणती बाजू धरायची हे जमिनीवर, ब्रीफिंगमध्येच ठरवा. पुढचा धावपट्टीवरून बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत मागच्याने टेकायचं नाही. रेडिओवर "मी बाहेर पडलो" एवढं वाक्य पुरतं, पण ते म्हटलं जायला हवं.

इंजिन बंद झाल्यावर

चॉक आधी लावा, मग ब्रेक सोडा. तापलेले ब्रेक दाबून ठेवले तर अडकतात. मॅग्नेटो बंद असल्याचं एकाने बघून मोठ्याने सांगावं. टायर, चाकांचे पाय, प्रॉपेलरची टोकं आणि शेपटीचाक यांवरून त्याच दिवशी नजर फिरवा, विमान गार झाल्यावर नाही. पात्याला जमिनीचा नुसता स्पर्श झाल्याचा संशय असेल, गवताचा हिरवा डाग जरी दिसला, तरी ते विमान पुढच्या कार्यक्रमातून काढा. लाकडी पाती तुटून झटका थोडा कमी करतात, तरी इंजिन उघडून तपासावंच लागतं. उतरताना जोराची आदळआपट झाली असेल तर ती नोंदवहीत लिहा, वैमानिक मोठा असला तरी. उद्या ते विमान दुसरा कोणी उडवणार असतो.